नेट परीक्षेतील भरपाईचा वेळ : एक भाषावैज्ञानिक परीक्षण

विद्यापीठ अनुदान आयोगाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, जिला आपण सारे 'नेट' म्हणतो, ती डिसेंबर २०१८ पासून संगणकावर घेतली जाऊ लागली. मध्यंतरी जून २०२४ मध्ये ती एकदा पुन्हा कागदावर झाली, दुसऱ्याच दिवशी रद्द ठरली आणि ऑगस्ट-सप्टेंबरात संगणकावरच फिरून घ्यावी लागली. तो अपवाद वगळला तर अध्यापकाच्या पेशात शिरू पाहणाऱ्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला आता पडद्यासमोर बसून तीन तासांत दीडशे प्रश्न सोडवावे लागतात. मराठीच्या विभागांना या बदलाचा एका विशेष कारणासाठी विचार करणे प्राप्त आहे. आपल्या वर्गांत दृष्टिहीन व अल्पदृष्टी विद्यार्थी इतर विषयांच्या मानाने अधिक येतात. ते सर्वस्वी आवडीने येतात असे नाही. प्रयोगशाळेची आणि आलेखांची दारे त्यांना शाळेतच लोटून घेतलेली असतात, आणि भाषा व साहित्य हे विषय ऐकून शिकता येतात अशी एक समजूत रूढ आहे. ती समजूत बरीचशी खरीही आहे. मात्र जे ऐकून शिकता येते त्याची परीक्षाही ऐकून देता येते काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारला आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

आरंभी शब्दांची थोडी तपासणी केली पाहिजे, कारण या क्षेत्रात शब्दांनी बराच गोंधळ माजवला आहे. महाराष्ट्रात शाळेपासून विद्यापीठापर्यंत या साऱ्या व्यवस्थेला एकच शब्द वापरला जातो : सवलत. राज्य शासनाने अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांना शालान्त परीक्षेसाठी १९९६ साली ज्या सोयी दिल्या (आणि त्या देण्यात आपले राज्य देशात अग्रेसर होते), त्यांनाही लोक सवलतीच म्हणत आले. सवलत म्हणजे देणाऱ्याने आपल्या हक्काचा काही अंश सोडणे. शेतसाऱ्यात सवलत मिळते, भाड्यात मिळते. नेटपुरते पाहिले तर दिव्यांग परीक्षार्थीला पात्रतेसाठी ४० ऐवजी ३५ टक्के गुण पुरतात, ही खरोखर सवलत होय. येथे मोजपट्टीच बदलली आहे. परंतु लेखनिक देणे, अक्षरे मोठी करून देणे, प्रश्न वाचून दाखवणे यांत मोजपट्टी बदलत नाही. ती हाताशी येईल अशा जागी ठेवली जाते इतकेच. या दोन अगदी भिन्न गोष्टी एकाच शब्दाच्या छत्राखाली आल्यामुळे शिक्षकखोलीत 'त्यांना सगळेच मिळते' हे वाक्य सहज उच्चारले जाते. ते उच्चारणारे लोक वाईट नसतात. त्यांच्या शब्दसंग्रहात भेद करण्याची सोयच नसते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या आधीच्या कायद्यात सात प्रकारच्या अक्षमता होत्या, नव्या कायद्यात एकवीस आहेत. त्याच्या सतराव्या कलमात परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करण्याचे कर्तव्य सांगितले असून उदाहरणादाखल वाढीव वेळ आणि लेखनिक यांचा उल्लेख केला आहे. पुढे २९ ऑगस्ट २०१८ रोजी केंद्र शासनाच्या दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाने लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. भाषेच्या अभ्यासकाने त्यांतील एक कलम अवश्य वाचावे. 'जादा' किंवा 'अतिरिक्त' वेळ हा शब्दप्रयोग सोडून द्यावा आणि त्याऐवजी 'भरपाईचा वेळ' म्हणावे, आणि तो दर तासाला वीस मिनिटांहून कमी नसावा, असे तेथे सांगितले आहे. शासकीय परिपत्रकाने एका विशेषणाच्या औचित्याची अशी चिकित्सा करावी हे दुर्मीळ दृश्य होय, आणि ती चिकित्सा योग्यही आहे. जादा म्हणजे इतरांहून अधिक. भरपाई म्हणजे जे गेले तेवढे परत. पहिल्या शब्दात दान आहे, दुसऱ्यात हिशेब आहे.

पण हिशेबाचा शब्द स्वीकारला की हिशेब द्यावा लागतो. भरपाई कशाची? किती गेले होते? तासाला वीस मिनिटे म्हणजे एक तृतीयांश. अमेरिकेत पन्नास टक्के वाढीव वेळ ही नेहमीची तजवीज आहे आणि गरजेप्रमाणे तो दुप्पटही केला जातो. इंग्लंडच्या शालेय परीक्षांत सामान्यतः पंचवीस टक्के मिळतात. म्हणजे एकाच प्रकारच्या नुकसानीची किंमत तीन देशांत तीन ठरते. हे आकडे चुकीचे आहेत असे माझे म्हणणे नाही. व्यवहारात कुठेतरी रेघ ओढावीच लागते. माझे म्हणणे असे की, या साऱ्या आकड्यांमागे एक गृहीत धरलेली कल्पना आहे : दिव्यांग परीक्षार्थी तीच क्रिया करतो, फक्त सावकाश करतो. ज्याचा हात चालत नाही त्याच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरे असेल. ज्याला प्रश्न ऐकावा लागतो त्याच्या बाबतीत ते खरे नाही. तो वेगळीच क्रिया करीत असतो.

हे विधान उदाहरणावाचून कोरडे राहील. दोन वर्षांपूर्वी पनवेलमधील आमच्या महाविद्यालयातील एक अल्पदृष्टी विद्यार्थिनी नेटची तयारी करीत होती. तिची नजर एम. ए.च्या पहिल्या वर्षापासून झपाट्याने उतरत गेली आणि दुसऱ्या वर्षाअखेर तिला छापील मजकूर वाचणे अशक्य झाले. दर शनिवारी दुपारी मी तिच्यासाठी लेखनिकाची भूमिका करीत असे, म्हणजे प्रश्न वाचून दाखवीत असे आणि ती सांगेल तो पर्याय नोंदवीत असे. प्रश्न मीच तयार केलेले असत. त्यांतील एक येथे देतो. पहिल्या स्तंभात चार कादंबऱ्या : (अ) रणांगण, (आ) गारंबीचा बापू, (इ) चक्र, (ई) कोसला. दुसऱ्या स्तंभात चार लेखक : (१) श्री. ना. पेंडसे, (२) भालचंद्र नेमाडे, (३) विश्राम बेडेकर, (४) जयवंत दळवी. त्याखाली चार पर्याय, आणि प्रत्येक पर्यायात चार जोड्या : अ-३, आ-१, इ-४, ई-२, अ-३, आ-४, इ-१, ई-२, याप्रमाणे. नेटच्या विषयपत्रिकेत या घाटाचे प्रश्न भरपूर असतात, आणि आपण विभागात प्रवेशपरीक्षा काढतो तेव्हा तोच घाट उचलतो.

मी दोन्ही स्तंभ वाचून संपवताच ती म्हणाली, "सर, रणांगण बेडेकरांचं, बापू पेंडशांचा, चक्र दळवींचं आणि कोसला नेमाड्यांची. आता पर्याय सांगा." उत्तर तिथेच संपले होते. साहित्याच्या इतिहासाचे जे ज्ञान त्या प्रश्नाला मोजायचे होते, ते तिने पर्याय ऐकण्यापूर्वीच दाखवून दिले होते. त्यानंतर तिने मला पर्याय तीनदा वाचायला लावले आणि शेवटी चुकीचा सांगितला.

डोळस वाचक येथे काय करतो ते पाहा. त्याला एवढेच ठाऊक असले की कोसला नेमाड्यांची आहे, तरी तो 'ई' आणि '२' ही खूण मनात धरून चारही पर्यायांच्या शेवटच्या जोडीवरून नजर फिरवतो, नको ते पर्याय खोडतो, वर जाऊन दुसरे नाव पाहतो, पुन्हा खाली येतो. स्तंभ पडद्यावर स्थिर असतो. स्मरणाचे काम पडदा करतो. ऐकणाऱ्याजवळ स्तंभ नसतो. आठ नावे, त्यांना लावलेल्या आठ यादृच्छिक खुणा आणि मग सोळा जोड्या हे सारे त्याच्या कानांवरून एका ओळीत वाहत जाते. मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि त्यांचे सहकारी यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले की, ऐकलेले शब्द तात्पुरते मनात घोळवत ठेवण्याची आपली शक्ती सुमारे दोन सेकंदांत उच्चारता येईल इतक्या मजकुरापुरतीच असते. 'अ-तीन, आ-एक, इ-चार, ई-दोन' हा एकच पर्याय स्वच्छ उच्चारायला त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणजे दुसरा पर्याय सुरू होईपर्यंत पहिला विरून गेलेला असतो. ही मर्यादा डोळस माणसालाही तितकीच लागू आहे. त्याला तिची गरज पडत नाही, इतकाच फरक.

आता मिनिटांचा हिशेब करू. तीन तासांत दीडशे प्रश्न म्हणजे प्रश्नामागे एक मिनिट बारा सेकंद. भरपाईचा एक तास मिळवला की ते एक मिनिट छत्तीस सेकंद होतात. वरील प्रश्न सावकाश एकदा वाचायला पाऊण मिनिट सहज लागते. तीनदा वाचला तर भरपाईसकट सारा वेळ संपून पुढच्या प्रश्नाच्या वाट्याचा काही भागही खर्ची पडतो, आणि इतके होऊनही उत्तर बरोबर येण्याची शाश्वती वाढत नाही, कारण तिसऱ्या वाचनातही तेच विरणे आहे. वेळ वाढवल्याने भांड्याची गळती थांबत नाही.

यात आपल्या लिपीने आणखी एक भर घातली आहे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांपासून उपप्रश्नांना अ, आ, इ, ई अशा खुणा देण्याची आपल्याला सवय आहे. कागदावर ही अक्षरे भिन्न आहेत. बोलण्यात 'इ' आणि 'ई' यांचा भेद मराठीने जवळजवळ सोडून दिला आहे. स्वर शब्दाच्या अखेरीस आला की लांबतो, एरवी बहुधा आखूड राहतो, म्हणजे लांबी स्थानावरून ठरते, अर्थावरून नव्हे. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी शब्दान्तीचे इकार-उकार दीर्घ लिहावेत असे ठरवले, ते या उच्चाराला मान देऊनच. याचा घरगुती पुरावा हवा असेल तर शाळेत जावे. आपल्या गुरुजींनी आपल्याला 'पहिली वेलांटी' आणि 'दुसरी वेलांटी' असे शिकवले, ते कानाला भेद कळत नाही म्हणूनच. लेखनिकाने 'इ-चार' म्हटले की 'ई-चार', हे परीक्षार्थीला विचारून घ्यावे लागते. माझ्या विद्यार्थिनीचे उत्तर चुकले ते नेमके येथेच. मी ध्वनिविचार शिकवतो, आणि तो प्रश्न मी काढला होता.

नेटच्या इतर घाटांविषयी थोडक्यात सांगतो. 'खालीलपैकी कोणते विधान बरोबर नाही?' या वाक्यात सारा भार शेवटच्या शब्दावर आहे. छापताना आपण तो ठळक करतो किंवा त्याखाली रेघ ओढतो. वाचणारा घाईत असला की तो क्रियापदाच्या शेपटीत गिळला जातो, आणि ठळक अक्षराला आवाज नसतो. पहिल्या पत्रिकेत एका कोष्टकावर पाच प्रश्न असतात. ऐकलेल्या कोष्टकात आडवे-उभे जाता येत नाही. त्यातून, भाषाविषयांच्या विषयपत्रिका सोडल्या तर नेटचे माध्यम इंग्रजी व हिंदी आहे, तेव्हा मराठीच्या परीक्षार्थीला ही पहिली पत्रिका परक्या भाषेत ऐकावी लागते. विधान आणि कारण यांचे प्रश्न त्या मानाने बरे. तेथे दोनच वाक्ये लक्षात ठेवायची असतात आणि ती अर्थाने बांधलेली असतात.

येथे २०१८ च्या त्याच मार्गदर्शक सूचनांकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण त्यांत या दुखण्यावरचा उपाय बीजरूपाने आहे आणि तो आपण वाचला नाही. दृश्य माहितीची गरज असणाऱ्या प्रश्नांऐवजी दृष्टिबाधितांना पर्यायी प्रश्न द्यावेत या धोरणाचा तेथे स्पष्ट निर्देश आहे. आपण 'दृश्य' या शब्दाचा अर्थ चित्र, नकाशा, आलेख असा घेतला. साहित्याच्या प्रश्नपत्रिकेत चित्र नसते, तेव्हा हे कलम आपल्याला लागू नाही असे समजून आपण निश्चिंत झालो. वस्तुतः जोड्या लावण्याचा प्रश्न हा शब्दांनी काढलेला नकाशाच आहे. त्यातील शब्द कानाला कळतात, पण त्यांची मांडणी डोळ्यासाठी आहे, आणि उत्तर मांडणीवर अवलंबून आहे. प्रश्न दृश्य आहे की नाही हे त्यात चित्र आहे की नाही यावरून ठरू नये. तो वाचून दाखवल्यावर जाणत्याला सोडवता येतो की नाही यावरून ठरावे.

संगणकाने या परिस्थितीत सुधारणा करायला हवी होती. यंत्र थकत नाही, कंटाळत नाही, आणि परीक्षार्थीला हवा तो भाग हवा तितक्या वेळा वाचून दाखवू शकते. लेखनिकाला चौथ्यांदा 'पुन्हा वाचा' म्हणताना जो संकोच होतो तो यंत्राशी होत नाही. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल ही एकसूत्री लिपी मान्य झाली तेव्हा दृष्टिहीनाला ओळीवर मागे-पुढे बोट फिरवण्याची मोकळीक मिळाली होती, म्हणजे वाचकाचे स्वातंत्र्य मिळाले होते. पडदा वाचणाऱ्या आज्ञावली तेच स्वातंत्र्य कानाला देऊ शकतात. ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलेली एनव्हीडीए ही आज्ञावली विनामूल्य आहे आणि तिच्यात मराठी वाचनाची सोय आहे. माझी विद्यार्थिनी तिच्यावरच पुस्तके ऐकते. परंतु परीक्षेच्या पडद्यावर अशा वाचनाची सोय हवी असेल तर मजकूर यंत्राला वाचता येईल असा असला पाहिजे, आणि येथे आपली जुनी टंकलेखनाची सवय आड येते. कृतिदेवसारख्या जुन्या टंकांत आपल्याला 'क' दिसतो, पण संगणकाच्या लेखी त्या जागी रोमन 'डी' असतो. डोळस वाचकाला शुद्ध मराठी दिसते आणि ऐकणाऱ्याला इंग्रजी अक्षरांचा खडखडाट ऐकू येतो. प्रश्न चित्र म्हणून चिकटवला असेल तर तेवढेही नाही. तेथे यंत्र मुके होते.

मजकूर युनिकोडमध्ये असला तरी मराठीचे काही प्रश्न शिल्लक राहतात. 'जरा थांब' मधला आणि 'जराजर्जर' मधला 'ज' आपण वेगवेगळा उच्चारतो, 'चार' आणि 'चारा' यांतला 'च' निराळा आहे, आणि लिपी हे भेद दाखवत नाही. यंत्राला ते कोशातून शिकवावे लागतात. हे काम भाषाविज्ञानाच्या विभागांचे आहे, आणि ते आपण संगणकवाल्यांवर सोपवून मोकळे झालो आहोत. विज्ञानाच्या विद्यार्थ्याची अडचण याहून मोठी आहे. 'क्ष अधिक एक छेद दोन' असे वाचून दाखवले तर छेद केवळ एकाला आहे की क्ष अधिक एक या दोहोंना, हे कसे कळावे? कागदावरची आडवी रेघ जे सांगते ते सांगायला बोलीत शब्दच नाही. अमेरिकेतील दृष्टिहीन गणिती अब्राहम नेमेथ यांनी १९५२ मध्ये गणितासाठी ब्रेलची स्वतंत्र संकेतपद्धती प्रसिद्ध केली आणि सूत्रे संदिग्धता न राहू देता मोठ्याने कशी वाचावीत याचेही नियम बसवले. मराठीत असे नियम रूढ नाहीत. प्रत्येक लेखनिक आपापल्या परीने वाचतो. २०१८ च्या सूचनांप्रमाणे परीक्षार्थी स्वतःचा लेखनिक आणीत असेल तर त्याची पात्रता परीक्षार्थीहून एक पायरी खाली असावी लागे. नक्कल टाळण्याचा हेतू समजण्याजोगा आहे. पण ज्याला सूत्राची बांधणीच कळत नाही त्याने ते वाचून दाखवायचे, हा त्याचा परिणाम झाला.

बँकभरतीच्या परीक्षा घेणारी आयबीपीएस ही संस्था मुंबईची. तिच्या जाहिरातींत अनेक वर्षे एक वाक्य येत आले आहे : दृष्टिबाधित परीक्षार्थीला पडद्यावरील मजकूर मोठ्या अक्षरांत पाहता येईल, मात्र जो लेखनिक घेईल त्याला ही सोय मिळणार नाही. ज्याला थोडे दिसते आणि जो दिसणाऱ्यावर ऐकण्याचा ताळा घेऊ इच्छितो, त्याने काय करावे? या वाक्यामागे अशी कल्पना दिसते की, माणूस एकतर पाहतो किंवा ऐकतो. अल्पदृष्टी माणसे दोन्ही करतात, आणि दोन्ही मिळूनच त्यांचे भागते. २०१८ च्या सूचनांत परीक्षार्थीला एक दिवस आधी संगणक तपासू द्यावा अशीही तरतूद होती. माझी विद्यार्थिनी तिचा आधार घेऊन आदल्या दिवशी भावाबरोबर पनवेलहून केंद्रावर गेली, तेव्हा दारावरूनच 'उद्याच या' असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी पडद्याचा उजेड कमी कसा करायचा हे विचारण्यात तिची पहिली काही मिनिटे गेली. हा केंद्रचालकांचा दुष्टपणा नव्हे. त्यांनी ते कलम वाचले नव्हते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. प्रमाणित परीक्षेचा अर्थच असा की, सर्वांना तेच प्रश्न, त्याच स्थितीत. एकासाठी प्रश्नाचा घाट बदलला तर गुणांची तुलना कशी करावी? परीक्षाशास्त्रात या प्रश्नाची चर्चा पुष्कळ झाली आहे. फिलिप्स या अभ्यासिकेने १९९४ मध्ये अशी कसोटी सुचवली की, जी तजवीज दिव्यांगाला उपयोगी पडते पण इतरांना पडत नाही तीच निर्दोष मानावी; जी सर्वांचेच गुण वाढवते ती मोजमाप बिघडवते. पुढे २००५ मध्ये सिरेसी, स्कार्पाटी आणि ली यांनी या विषयावरील प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा वाढीव वेळाबाबत असे आढळले की त्याने सर्वांचाच फायदा होतो, दिव्यांगांचा अधिक होतो. म्हणजे ज्या वेळेला आपण सर्वांत निर्धोक तजवीज समजतो, तीच या कसोटीवर काठावर उत्तीर्ण होते. उलट जोड्यांचा प्रश्न श्राव्य घाटात मांडला, तर त्या विषयातील जाणत्या डोळस विद्यार्थ्याला काही विशेष लाभ व्हावा असे दिसत नाही. त्याला तो प्रश्न आधीच सुटत होता. तेव्हा घाट बदलणे हे वेळ वाढवण्यापेक्षा प्रमाणाशी अधिक इमान राखणारे आहे, असा माझा निष्कर्ष आहे. तो प्रयोगाने तपासला जावा, आणि तो तपासण्याची साधने आपल्या विभागांजवळ आहेत.

न्यायालयांनी गेल्या काही वर्षांत पात्रतेचे कुंपण बरेच रुंद केले. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका परीक्षार्थीच्या दाव्यात असे ठरवले की, ४० टक्के अक्षमतेचा दाखला नसला तरी लेखनिक नाकारता येणार नाही. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला मुंबईतील एका केंद्रावर वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत लेखन-अक्षमता असलेल्या विद्यार्थिनीला भरपाईचा तास दिला गेला नाही. २३ नोव्हेंबरच्या निकालात न्यायालयाने फेरपरीक्षा नाकारली, पण झालेल्या अन्यायाचे निवारण कसे करता येईल याचा विचार करण्याचा आदेश परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेला दिला. ३ फेब्रुवारी २०२५ च्या निकालाने या सोयी सर्व दिव्यांग परीक्षार्थींपर्यंत नेल्या. हे सारे स्वागतार्ह आहे. तथापि तिन्ही प्रकरणांत वाद कोणाला द्यावे याचा होता. काय द्यावे याचे उत्तर लेखनिक आणि वेळ हेच राहिले. प्रश्नाची वाक्यरचना न्यायालयापुढे जात नाही, जाऊही नये. ती प्रश्न काढणाऱ्याच्या टेबलावर ठरते.

कर्णबधिर परीक्षार्थींचा प्रश्न याच्या नेमका उलट आहे. त्यांना पडदा दिसतो, पण ज्याची पहिली भाषा खुणांची आहे त्याला आपले लांबलचक मिश्र वाक्य परभाषेसारखे वाटते. त्याचा विचार स्वतंत्र लेखात व्हावा. येथे दोन ओळींत उरकणे त्यांच्यावर अन्याय होईल.

जोड्यांचा तो प्रश्न मी नंतर असा लिहिला : 'पुढीलपैकी कोणत्या जोडीत कादंबरी आणि लेखक यांचा मेळ बसत नाही? पहिली जोडी, रणांगण आणि विश्राम बेडेकर. दुसरी, गारंबीचा बापू आणि श्री. ना. पेंडसे. तिसरी, चक्र आणि भालचंद्र नेमाडे. चौथी, कोसला आणि भालचंद्र नेमाडे.' येथे खुणा नाहीत, जे लक्षात ठेवायचे ते अर्थाने बांधलेले आहे, आणि प्रत्येक जोडी ऐकल्याबरोबर निकालात काढता येते. या मांडणीतही दोष आहे. एकच लेखक दोनदा आल्यामुळे अजाण विद्यार्थ्यालाही उत्तर तिसऱ्या-चौथ्या जोडीतच असणार असा सुगावा लागतो. तिसऱ्या जोडीत वेगळा लेखक घालावा. शिवाय 'नाही' हा शब्द येथेही शेवटीच आहे. तो पुढे आणायचा तर 'चुकीची जोडी कोणती?' असे सरळ विचारावे. तसे विचारल्यावर प्रश्न वाचायला निम्मा वेळही लागत नाही.

यंदा आमच्या विभागाच्या प्रवेशपरीक्षेची पत्रिका छपाईला जाण्यापूर्वी आम्ही तिघांनी ती एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवली. ऐकणाऱ्याने कागद पाहायचा नाही असा नियम केला. पन्नास प्रश्नांपैकी अकरा अडले. त्यांतले सात घाट बदलल्यावर सुटले, दोन वगळले, आणि दोन छंदःशास्त्रावरचे होते, ज्यांत लघु-गुरूच्या खुणांचा आराखडा ओळखायचा होता. त्यांचे काय करावे यावर आमचे एकमत झाले नाही. एका सहकाऱ्याचे म्हणणे पडले की वृत्त ही मुळात ऐकण्याचीच गोष्ट आहे, तेव्हा आराखडा काढून टाकावा आणि ओळ म्हणून दाखवावी. पण मग ती सर्वांनाच म्हणून दाखवावी लागेल, आणि त्यासाठी प्रत्येक परीक्षार्थीच्या कानाला यंत्र लावावे लागेल. ते दोन प्रश्न यंदा तसेच गेले आहेत.